मास्तरांची गव्हाण

रंगूमास्तरांनी आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं. तेही सरकारी कागदावर, आणि तेही बायकोच्या आंघोळीपायी. एरवी माणूस इतका खरा, की शाळेत पोचायला दोन मिनिटं उशीर झाला तर हजेरीपटावर आपल्याच हाताने तशी नोंद करून ठेवायचा. अशा माणसाच्या हातून हे कसं झालं, ते शहापुरात पुष्कळांनी पुष्कळ दिवस चघळलं. भागीरथीला मात्र पहिल्यापासून माहीत होतं. तिने एक प्रश्न विचारला होता. पुढचं सगळं त्या प्रश्नातून निघालं.

झालं असं, की छत्तीस सालच्या पौषात मास्तरांचे मावसभाऊ गणूभावजी जपानहून रजेवर आले. मुंबईच्या एका कापसाच्या पेढीने त्यांना तिकडे कोबे बंदरावर कारकून म्हणून धाडलं होतं. दोन वर्षांत त्यांचं पोट थोडं पुढे आलं होतं आणि बोलण्याआधी कमरेत वाकायची सवय लागली होती. आळीतल्या लोकांना आधी वाटलं, आसनगावपासून टांग्यात अवघडला असेल बिचारा.

संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. शेजारच्या जनाकाकू आल्या. समोरचे भिमाजीआप्पा आले. आप्पांनी सगळी नोकरी कसाऱ्याला, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनावर काढली होती. त्यामुळे आग, पाणी आणि वाफ या तीन विषयांत त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. दूध घालायला आलेली बाईजा चरवी मांडीशी घेऊन पायरीवरच टेकली.

गणूभावजी सांगत होते ते तिथल्या डोंगरातल्या एका उतारूंच्या घराबद्दल. जमिनीतून कढत पाणी वर येतं आणि त्याच्या काठाला हे लाकडी घर. दारात वहाणा काढायच्या. मालकीण गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून "या" म्हणते.

"कपाळ लावून?" सासूबाई म्हणाल्या. "उतारूला?"

"हो मावशी. मग एक सुती झगा देतात, निळ्या नक्षीचा. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना एकच. आंघोळ करायची ती बाहेर, लहानशा पाटावर बसून. साबण, अंग घासणं, सगळं तिथेच. अंग लख्ख झालं की मग लाकडी हौदात उतरायचं. गळ्यापर्यंत."

"आंघोळ झाल्यावर पुन्हा पाण्यात?" जनाकाकूंनी विचारलं.

"हो."

"कशाला?"

हा प्रश्न गणूभावजींना जपानात कुणी विचारला नव्हता. "नुसतं बसायला," ते म्हणाले.

नुसतं बसायला म्हणून माणूस काही करतं, ही गोष्ट आमच्याकडे पचायला वेळ लागतो. शेवटी बाईजा म्हणाली, "आमची म्हस बसते तशी."

"अगदी तशीच!" गणूभावजींना हायसं वाटलं. "मग खोलीवर यायचं. जेवण खोलीत आणून देतात, प्रत्येकाला वेगळा चौरंग. जेवण झालं की बिछाना घालायला माणूस येतं. सकाळी काढायलाही तेच."

स्वयंपाकघराच्या दारात भागीरथी उभी होती. कडेवर चार महिन्यांची सोमी, पदराला तीन वर्षांची यमू आणि मोकळा राहिलेला हात पिठाचा. तिचं माहेर शेणव्याला. पण आई गेल्यापासून तिथल्या चुलीशी तिची ओळख उरली नव्हती, म्हणून सोमीच्या वेळचं बाळंतपण सासरीच झालं. न्हाणं आणि शेक-शेगडी बाईजाने केली, अगदी मन लावून केली. पण बाराव्या दिवशी सासूबाई पडवीत पाय मुरगळून पडल्या, आणि बाळंतिणीची खाट होती ती सासूबाईंकडे गेली. चुलीपुढची जागा भागीरथीकडे आली. तेव्हापासून तिच्या कमरेत एक कळ येऊन बसली होती. तिच्याकडे बघायला भागीरथीला सवड नव्हती, आणि कळेलाही जायची घाई नव्हती.

तिने दारातूनच विचारलं, "आणि भावजी, भांडी कोण घासतं?"

"तेच घासतात, वहिनी. आपण उठायचंसुद्धा नाही."

भागीरथी नुसती "हं" म्हणाली आणि आत गेली. त्या "हं"मध्ये काय होतं ते ओटीवरच्या आठ-दहा माणसांपैकी एकालाच ऐकू आलं. रंगूमास्तरांनी तोंडाशी नेलेला विडा तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना गणूभावजींनी निळ्या नक्षीचा एक झगा वहिनींना भेट दिला. सासूबाईंनी कापड चिमटीत धरून पाहिलं, "मऊ आहे हो" म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत त्याची सोमीसाठी चार दुपटी बेतली. झग्यावरचे निळे बगळे सोमीच्या पोटावर उडू लागले. जपान मास्तरांच्या घरात शिरल्या शिरल्या ओला झाला, तो असा.

मास्तरांनी आधी सरळ मार्ग धरला. वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. बैलगाडीने सावकाश गेलं तर वाटेत एक मुक्काम. "मी, ही आणि पोरी," ते आईला म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, देवीच्या दाराला जाता आणि मला ठेवून जाता? बरोबर होतं. जनाकाकू म्हणाल्या, माझे गुडघे बघा. तेही बरोबर. आप्पा म्हणाले, पाण्याची ऊब किती ते कुणीतरी जाणत्याने बघायला नको का? असं करत दिवेलागणीपर्यंत तीन गाड्या आणि सोळा माणसं झाली. सोळा माणसांच्या दशम्या, चटण्या आणि वाटेतल्या खिचडीचा बेत घेऊन सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

"तेवढाच हवापालट होईल हो तुला," त्या मायेने म्हणाल्या.

भागीरथीने परातीत पीठ घ्यायला सुरुवात केली. मास्तरांनी ते दारातून पाहिलं आणि यात्रा रद्द केली. कारण सांगितलं शाळातपासणीचं. हे बोललेलं खोटं. लिहिलेलं अजून पुढे आहे.

"कुंडाकडे आपण जायचं नाही," ते भागीरथीला हळूच म्हणाले. "कुंडच घरी आणायचं. परसात. लाकडी हौद करून."

"अहो, पण लोक काय..."

"तू फक्त बसायचंस."

इतकं सोपं वाक्य तिला लग्नानंतर कुणी म्हटलं नव्हतं. लोक काय म्हणतील ते तिने तिथेच सोडून दिलं.

नथू सुताराने मागणी ऐकून कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. "मास्तर, आमी नांगर करतो, गाडी करतो, पाळना करतो. मानूस बुडवायची पेटी कदी केली नाय."

"बुडवायची नव्हे रे, बसवायची."

"पानी गळ्यापातूर ना? मंग बुडवायचीच." पण नवं काम म्हटल्यावर नथूचे डोळे चमकले होते. "साग लागंल. दुसरं लाकूड कुजंल. नि साग म्हंजे जंगलखात्याचा पास."

मास्तर पासासाठी गेले. मुरबाडकडे त्यांची वडिलोपार्जित चार गुंठे वरकस जमीन होती. तिच्यात गवत आणि भाऊबंदकी यांशिवाय कधी काही उगवलं नाही, पण तिच्या बळावर त्यांना शेतकरी म्हणून थोडं लाकूड मागता येत होतं. कचेरीतला कारकून सज्जन होता. त्याने छापील अर्ज पुढे सरकवला. लाकूड कशासाठी हवं, त्या रकान्याखाली पाच कारणं छापली होती. नांगर, गाडी, घरदुरुस्ती, गव्हाण. पाचवं कारण माणसाच्या शेवटच्या सोयीचं होतं, ते मास्तरांनी घाईघाईने ओलांडलं.

"आंघोळीचा हौद कुठे लिहायचा?" त्यांनी विचारलं.

"हौद यात नाही, मास्तर. यात नाही ते मिळत नाही. सवडीने विचार करा, उद्या या."

मास्तर तीन वेळा गेले. पहिल्यांदा घरदुरुस्ती लिहायचा विचार केला, पण घर भाड्याचं. मग गाडी, पण गाडीला चाकं कुठून आणायची? तिसऱ्यांदा निघताना त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. भागीरथी एका हाताने कंबर दाबून दुसऱ्या हाताने चूल फुंकत होती. मास्तर कचेरीत गेले, टाक शाईत बुडवला, आणि 'गव्हाण' असं वळणदार अक्षरात लिहिलं. लांबी तीन हात, रुंदी दोन हात, खोली दोन हात.

"दोन हात खोल?" कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "जनावर चारा खाणार की आत उडी मारणार?"

"म्हैस मोठी आहे," मास्तर म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

घरी येऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं, की या वस्तूला हौद म्हणायचं नाही, गव्हाण म्हणायचं. सासूबाईंपासून यमूपर्यंत सगळ्यांकडून त्यांनी ते घोकून घेतलं. यमूने तर चालच लावली. "आमची गव्हाण, आमची गव्हाण," म्हणत ती अंगणभर फिरायची.

नथूने पंधरा दिवस खपून ती गव्हाण बांधली. फळ्यांवर जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का उठलेला होता, तो नेमका आतल्या बाजूला, टेकून बसणाऱ्याच्या पाठीशी आला. नथू म्हणाला, सरकारी खूण आहे, रंधा मारला तर मला बेडी पडंल. शिक्का राहिला.

पहिल्या दिवशी मास्तरांनी विहिरीचं पाणी ओढून चाळीस हंडे ओतले. चाळिसावा हंडा रिकामा होईपर्यंत पहिले पस्तीस जनाकाकूंच्या वालाच्या वाफ्यात पोचले होते. नथू शांतपणे म्हणाला, "लाकूड अजून तान्हेलंय. फुगंल, मंग झेपंल." पुढचे आठ दिवस लाकूड पाणी पीत राहिलं आणि जनाकाकू कुंपणापलीकडून बोलत राहिल्या. नवव्या दिवशी राळ आणि तेल भरून फटी बुजल्या. जनाकाकूंचा वाल मात्र असा काही फोफावला, की त्या बोलायच्या थांबल्या आणि पुन्हा कधी गळणार म्हणून विचारू लागल्या.

मग पाणी तापवण्याचा प्रश्न आला, आणि भिमाजीआप्पांचा दिवस उगवला. आप्पांनी घरातला तांब्याचा बंब परसात आणवला, त्याच्या तोटीला पोकळ वासा जोडून तो गव्हाणीत सोडला, आणि सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं. "बॉयलरशी खेळ नाही," ते म्हणाले. बंबातून पाणी यायच्या आधी धूर आला. मग राख आली. मग 'भुस्स' असा आवाज होऊन वासाच निघाला आणि आप्पांच्या मिशीवर कढत पाण्याचा शिडकावा झाला. आप्पा डोळे मिटून म्हणाले, "दाब बरोबर आहे." त्यानंतर पाणी हंड्यांनीच ओतायचं ठरलं.

जपानातल्या पाण्याला गंधकाचा वास येतो, असं गणूभावजी म्हणाले होते. मास्तरांनी बाजारातून गंधक आणून चिमूटभर टाकलं. दुपारी आळीतल्या तिघांनी येऊन चौकशी केली, की काडेपेटीचा कारखाना काढताय का. गंधकही बाद झालं.

अशी पंचवीस दिवसांनी गव्हाण सिद्ध झाली. रविवारची सकाळ, चाळीस हंडे कढत-कोमट पाणी, चारी बाजूंनी तट्ट्यांचा आडोसा. मास्तर भागीरथीला म्हणाले, "चल."

"अरे, थांब थांब," सासूबाई म्हणाल्या. "अंगावर पिणारं मूल आहे तिचं. पाणी आधी कुणी तपासून नको का बघायला?"

म्हणून आधी मास्तर बसले. मग ऊब बघायला आप्पा बसले, आणि अर्धा तास बघत राहिले. मग गुडघ्यांसाठी सासूबाई. मग त्यांच्या आग्रहाने जनाकाकू. नियम जपानचाच होता. आधी बाहेर पाटावर अंग घासायचं, मगच आत, आणि प्रत्येकाला पाणी ताजं, कारण दुसऱ्याने बसलेल्या पाण्यात बसायचं म्हणजे उष्टं पाणी, ते आमच्याकडे चालणार कसं? ताजं पाणी म्हणजे चाळीस हंडे. निम्मे मास्तर ओढत, निम्मे भागीरथी. शिवाय बंबात लाकडं सारणं, पाठीला लावायला डाळीचं पीठ कालवणं, बाहेर आल्यावर चहा. दुपारी बाराला जनाकाकू गुलाबी होऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भागीरथी, नशीबवान हो तू! घरात असली सोय!" तेव्हा लाकडं संपली होती आणि सोमी रडत होती.

पुढच्या रविवारी आप्पांचे साडू मुद्दाम कसाऱ्याहून आले. त्याच्या पुढच्या रविवारी सासूबाईंच्या भजनातल्या दोघी. गणूभावजींनी सांगितलेलं ते उतारूंचं घर आता खरोखरच शहापुरात उभं राहिलं होतं. त्यात एकच फरक पडला होता. जिला उतारू व्हायचं होतं, ती मालकीण झाली होती. कपाळ तेवढं टेकत नव्हती, पण चुलीपुढे वाकून ते काम आपोआप होत होतं.

मास्तर दर रविवारी म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की तुझा नंबर." ते अगदी मनापासून म्हणायचे. आणि भागीरथीही "हो" म्हणायची तीही मनापासून, कारण उन्हात हंडे ओढून सोललेले त्यांचे तळहात तिने पाहिले होते. दुसऱ्याने आपल्यासाठी इतकं केल्यावर ते आपल्याला मिळालंच नाही, असं सांगायचं तरी कसं?

चौथ्या आठवड्यात जंगलखात्याचा गार्ड निरोप घेऊन आला. पासावर दिलेल्या लाकडाचं काय केलं ते बघायला रेंजरसाहेब सोमवारी दहाला येणार. गव्हाण आणि म्हैस दाखवायची तयारी ठेवा.

घरात धावपळ उडाली. बाईजा म्हणाली, "माझी म्हस आनून बांधते. त्यात काय! सायबाला काय तिची जन्मपत्री कळते?" ठरलं. सोमवारी सकाळी म्हैस. रविवार मोकळा. मास्तर म्हणाले, "मग हा रविवार तुझा. त्या दिवशी मी कुणालाही बसू देणार नाही." पण सकाळी सासूबाईंचे गुडघे धरले. जनाकाकू कुंपणाशीच उभ्या होत्या. आप्पा तर बंब पेटवायच्या निमित्ताने पंचा नेसूनच आले होते. सगळ्यांचं होता होता अकरा वाजले. मास्तर चाळिसाव्या हंड्यानंतर पाठ धरून खाली बसले, तेव्हा भागीरथीच म्हणाली, "तुम्ही आत बसा थोडे. पाणी निवून जातंय. माझं बघू मग."

मास्तर बसले. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवून डोळे मिटले. आणि तेवढ्यात, एक दिवस आधी, रेंजरसाहेब आले. शेणव्याच्या रस्त्याने परतताना वाटेतच आहे तर बघून घेऊ, असं त्यांना वाटलं होतं.

अंगणात यमू होती. साहेबांनी घोड्यावरून उतरून विचारलं, "बाळ, मास्तर कुठे आहेत?"

"बाबा गव्हाणीत," यमू म्हणाली.

"आणि म्हैस?"

"म्हैस उद्या येणारेय."

साहेब तट्टा बाजूला सारून परसात आले. त्यांनी हॅट काढून खुंटीला अडकवली. नेमकी त्या खुंटीला, जिच्यावर मास्तरांचा पंचा होता. मास्तरांनी डोळे उघडले. पाण्यातून थोडी वाफ येत होती, तेवढीच काय ती हालचाल.

"मास्तर," साहेब म्हणाले, "गव्हाण ती हीच ना?"

"होय, साहेब."

"आणि म्हैस?"

बाईजाची म्हैस आपली म्हणून सांगणं मास्तरांना सहज जमलं असतं. पण एकदा लिहिलेलं खोटंच त्यांना दीड-दोन महिने झोपू देत नव्हतं. "म्हैस नाही, साहेब," ते म्हणाले. "मीच आहे."

साहेब आंघोळीच्या पाटावर बसले. मास्तरांना उठून उभं राहून कबुली द्यायची होती, पण पंच्यावर साहेबांची हॅट होती. तेव्हा ज्या माणसापुढे चौथीचा वर्ग चळाचळा कापायचा, त्या माणसाने लाकडात गळ्यापर्यंत बसून, पाठीला सरकारी शिक्का टेकवून, घडलेलं सगळं सांगितलं. गणूभावजी, पाच कारणं, सगळं. फक्त कुणासाठी केलं तेवढं सांगितलं नाही. बायकोचं नाव सरकारपुढे कशाला?

ते भागीरथीने सांगितलं. ती सोमीला घेऊन तट्ट्याशी येऊन उभी राहिली.

"साहेब, हे माझ्यासाठी केलंय. माझी कंबर धरलीये सोमीच्या वेळेपासून. दंड करायचा तर करा, पण यांना नका बोलू." आणि मग, तिलाही ठाऊक नव्हतं आपण हे बोलणार आहोत, ती म्हणाली, "मी तर अजून एकदाही बसले नाही यात."

साहेबांनी मान वर केली. कुंपणाशी आळी गोळा झाली होती. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. सासूबाईंचा अंबाडा ओला होता. जनाकाकूंच्या बटा ओल्या. आप्पांची मिशी ओली. हौदात मास्तर तर नखशिखान्त ओले. फक्त या बाईच्या केसांत पाणी नव्हतं, चुलीची राख होती.

"हं," साहेब म्हणाले.

हा दुसरा "हं". तो मात्र सगळ्यांना ऐकू आला.

"मास्तर, कागदावर गव्हाण आहे. कागद मला बदलता येत नाही. माझ्या दौऱ्यात येणं उद्या दहाचं लिहिलंय, तेव्हा आज मी आलोच नाही. उद्या दहाला यात पेंढा दिसला पाहिजे आणि पुढे जनावर. उद्यापासून ही गव्हाणच राहील, समजलं?"

"साहेब, मी चूक लिहून देतो."

"लिहू नका! तुमचं लिहिणं फार महाग पडतं." साहेबांनी हॅट उचलली आणि पंचा मास्तरांच्या हातात दिला. जाता जाता भागीरथीकडे न बघता म्हणाले, "उद्या दहापर्यंत वेळ आहे. पाणी निवू देऊ नका."

घोड्याच्या टापा दूर गेल्या. मग सासूबाई पुढे आल्या, भागीरथीच्या कडेवरून सोमीला घेतलं आणि निळ्या बगळ्यांच्या दुपट्यात गुंडाळलं.

"खाट तुझी होती," त्या म्हणाल्या. "माझा पाय महिन्यात बरा झाला होता. पण चुलीशी मी परत गेलेच नाही. मला वाटलं, तू काही बोलत नाहीस म्हणजे..." वाक्य तिथेच राहिलं. "आज कुणी आत जायचं नाही. आधी ही."

जनाकाकू आपल्या वालाच्या शेंगा ओच्यात घेऊन तडक भागीरथीच्या चुलीकडे गेल्या. आप्पांनी बंब पेटवला, एक शब्द न बोलता, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. नथू येऊन हंडे ओढायला लागला. बाईजा ओढ्याकाठची निरगुडी ओरबाडून घेऊन आली आणि तो पाला तिने पाण्यात टाकला. परसात बाळंतघराचा वास भरला. गंधकाला जे जमलं नव्हतं ते निरगुडीने केलं.

संध्याकाळचं ऊन तट्ट्यांतून आत आलं होतं. बाईजाने भागीरथीला आधी पाटावर बसवलं.

"तुजं न्हानं बारा दिसांव तुटलंय गो. चाळीस दिसांचं असतंय. उरलेलं आज पुरं करते, नायतर माज्या हाताला दोष." आणि एकेका चुकलेल्या दिवसाचा एकेक लोटा, असं करत तिने कढत पाणी भागीरथीच्या डोक्यावर, मानेवर, कमरेवर ओतायला घेतलं. मध्येच तिचा हिशेब चुकला. "एकोनीस झाले का वीस? रांडेच्ये, कळंना. जाऊ दे, परत एकपासून." भागीरथी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. बाईजाने ते पाहिलं आणि लोटे ओतत राहिली, म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी कुठलं ते कुणाला कळू नये.

मग भागीरथी हौदात उतरली. गळ्यापर्यंत. पाठ टेकली तिथे जंगलखात्याचा शिक्का होता, पण तो टोचला नाही. कमरेतली कळ आधी बावचळली, मग हळूहळू सैल पडली. करायला काही नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. एक होला कुठेतरी घुमत होता. नुसतं बसायला म्हणजे काय, ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी दहाला साहेब आले तेव्हा सगळं कागदाबरहुकूम होतं. गव्हाणीत पेंढा होता, पुढे बाईजाची म्हैस होती, आणि म्हैस दोन हात खोल मान घालून खात होती. साहेबांनी सही केली. पुढे ती गव्हाण बाईजाकडेच गेली, तिच्या गोठ्यात, आणि अजून आहे. नथू प्रत्येक पाहुण्याला ती दाखवतो. मास्तरांनी त्यानंतर सरकारी कागदावर काही लिहायचं म्हटलं की भागीरथी आधी वाचून बघते. पण हे सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी भागीरथी न्हाऊन आत आली. बंबावर शेकलेलं धुवट लुगडं नेसली. मधल्या खोलीत सासूबाईंनी स्वतः अंथरूण घातलं होतं. यमू भिंतीशी बसून आईकडे पाहुणी आल्यासारखी बघत होती. दाराशी मास्तर आले. हातात ताट, ताटात वालाची उसळ, ऊन भात, तूप. त्यांनी गुडघे टेकले, ताट खाली ठेवलं आणि गणूभावजींनी सांगितलं होतं तसं कपाळ जमिनीला लावलं. चष्मा घसरून उसळीत पडला.

"या," ते चष्म्याशिवाय डोळे बारीक करून म्हणाले.

ती पोटभर जेवली. सोमी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. सवयीने भागीरथीने ताट उचलायला हात घातला, तर मास्तरांनी ते आधीच उचलून नेलं होतं. विहिरीकडून राखेचा खरखर आवाज आला. मग एक पातेलं दगडावर आपटलं, मग दुसरं घरंगळत गेलं. नुसत्या आवाजावरून तिला कळलं, की मास्तर भांडी आतून घासताहेत आणि बुडं काळीच ठेवताहेत. उद्या सगळी पुन्हा काढावी लागणार होती.

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि ती उठली नाही.